व्हेनिसचे मणी आणि आजीची कथलाची कडी

परदेशी जायचे म्हटले की माणसाच्या आधी यादी तयार होते. आमच्या लेकीला इटलीतील पादुआच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली आणि २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी बारा दिवस तिच्याकडे जाऊन यायचे ठरवले. व्हिसा हातात पडण्याआधीच ही बातमी वस्तीभर झाली. मोठ्या वहिनींनी इटलीची सोन्याची साखळी कितीला पडते ते बघून यायला सांगितले. भाच्याला बूट हवे होते. शेजारच्या काकूंना अंगठीत बसवायला पोवळे हवे होते, कारण कोणीतरी त्यांच्या धाकट्या मुलाला मंगळ आहे असे सांगितले होते! आणि विहारातील महिला मंडळाच्या अठरा जणींनी मिळून एकच निरोप पाठवला, "आम्हाला महागाचे काही नको, पण तिकडचे, हाताने केलेले, खरे असे काहीतरी आणा."

साखळी, बूट आणि पोवळे यांचा निकाल लगेच लागला. सोन्याचे भाव विचारायला इटलीपर्यंत जायची गरज नाही. पोवळ्याचे मोठे काम नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावात चालते. तेथे १८७८ साली पोवळ्याच्या कोरीव कामाची शाळा निघाली आणि शंखशिंपल्यावर चेहरे कोरणारे कारागीरही तेथलेच. पण ते गाव आमच्या वाटेवर नव्हते. असते तरी मंगळासाठी पोवळे आणले नसते. पोवळे म्हणजे समुद्रातील बारीक जिवांनी बांधलेले घर. त्याचा मंगळाशी काय संबंध, असे काकूंना आम्ही तोंडावर विचारले. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा कशासाठी दिल्या, असेही म्हणणार होतो, पण काकू रागावल्या आणि विषय तेथेच राहिला.

उरली ती महिला मंडळाची मागणी. हाताने केलेले आणि खरे. ही मागणी दिसायला सोपी, पण तिने आमचे दोन दिवस खाल्ले. त्या दोन दिवसांत जे पाहिले तेच आज वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

पादुआहून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर. स्टेशनातून बाहेर पडले की समोर रस्ता नाही, पाणीच. काठावर आठवणीच्या वस्तूंच्या गाड्या लागलेल्या. काचेच्या मण्यांच्या माळा, काचेचे मासे, मुखवटे आणि मिरचीच्या आकाराची लाल शिंगे. ही शिंगे दृष्ट लागू नये म्हणून खिशात ठेवतात. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची, तिकडे खिशात शिंग. युरोप पुढारलेला आहे हे खरे, पण सगळाच नाही.

एका गाडीवरचा विक्रेता बांगलादेशी निघाला. व्हेनिसच्या आसपास बांगलादेशी कामगारांची मोठी वस्ती आहे. मार्गेराच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात बरेचजण राबतात. आमचे हिंदी ऐकून तो खुलला. पाच युरोची माळ उचलून आम्ही विचारले, ही मुरानोची का? त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "दीदी, सच बोलूँ? मुरानो का नहीं है. बाहर से आता है." त्या मालावर त्याचे पोट होते, तरी आम्हाला तो खोटे बोलला नाही. आम्ही त्याच्याकडून दोन मासे घेतले, मासे म्हणूनच.

मुरानो हे व्हेनिसलगतचे छोटे बेट. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने काचेच्या सगळ्या भट्ट्या शहरातून हलवून तेथे नेल्या. लाकडी घरांना आग लागण्याची भीती हे एक कारण, आणि कसब बेटावर बांधून ठेवता येते हा दुसरा फायदा. काचेचे उस्ताद राज्य सोडून गेले तर गुन्हा ठरत असे. गंमत अशी की याच उस्तादांना मान मोठा होता. त्यांच्या मुलीने सरदार घराण्यात लग्न केले तरी मुलांचे सरदारपण जात नसे. हातकाम करणाऱ्याच्या मुलीला असा मान! आपल्याकडे हातकाम करणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तरी त्या मानाच्या पायात बेडी होती, तीही विसरून चालणार नाही.

पाण्यावरच्या बसला एका फेरीचे माणशी साडेनऊ युरो पडले, म्हणजे आपले साडेआठशे रुपये. तिकीट हातात घेऊन आम्ही जरा वेळ गप्पच होतो. बेटावर उतरल्यावर मोठ्या दुकानांतून माणसे हात धरून आत बोलावतात, भट्टी दाखवतात आणि मग झुंबरांच्या दालनात नेऊन सोडतात. लेकीने आम्हाला तेथून बाहेर काढले आणि मागच्या गल्लीत एका बाईंच्या कामाच्या खोलीवर नेले. साठीच्या बाई, एकट्याच. टेबलावर गॅसची ज्योत, बाजूला रंगीत काचेच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या. एका हातात धातूची बारीक सळई, दुसऱ्या हातात कांडी. कांडीचे टोक ज्योतीत मधासारखे मऊ होते आणि बाई ते फिरत्या सळईवर गुंडाळतात. मग दुसऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर आणखी एक. सगळा वेळ सळई फिरत राहिली पाहिजे. थांबली की मणी एका बाजूला ओघळतो. आमच्यासमोर एक निळा मणी तयार झाला. तो आम्ही मागितला तर त्या हसल्या. तो लगेच थंड केला तर तडकतो, हळूहळू निववावा लागतो. म्हणून आदल्या दिवशीचा दाखवला. एका मण्याचे आठ युरो.

भाव ऐकून आधी महाग वाटले. नंतर त्यांचा हात पाहिला. आंगठ्याजवळ भाजल्याचे जुने डाग होते.

खऱ्या मुरानो काचेची खूण म्हणून वेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून एक चिन्ह ठरवले आहे. त्याची चिकटपट्टी मालावर किंवा दुकानाच्या दारावर असते. ती नसली म्हणजे माल खोटाच असे नाही, कारण सगळेच छोटे कारागीर ती घेत नाहीत. पण ज्यांना ओळख नाही त्यांनी चिकटपट्टी बघावी, हे बरे. मण्यांच्या कलेची नोंद युनेस्कोने २०२० मध्ये जगाच्या वारशात केली, इटली आणि फ्रान्स दोघांच्या नावाने.

या बाईंकडूनच आम्हाला दुसरी गोष्ट कळली, आणि खरे तर तीच मोठी आहे. ज्योतीवर एकेक करून होणारा मणी हा श्रीमंत मणी. त्याच्याखाली एक गरीब मणी होता. पोतीत ओवतात तसला, मोहरीएवढा. तिकडे त्याला 'कोंतेरिए' म्हणतात. वितळलेल्या काचेचा पोकळ गोळा करून दोन माणसे त्याची दोन टोके धरून विरुद्ध दिशांना चालत सुटायची. काच ताणली जाऊन दोऱ्यासारखी लांबच लांब नळी व्हायची, पण मधले छिद्र कायम राहायचे. नळीचे बारीक तुकडे करायचे आणि चुना-कोळशाच्या भुकटीत घोळून, तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या. पिंपेच्या पिंपे भरून मणी निघायचे. मग ते ओवायचे कोणी? गरिबांच्या बायकांनी.

त्यांना तिकडच्या बोलीत 'इम्पिरारेसे' म्हणत, म्हणजे ओवणाऱ्या. आपल्याकडे दागिना गाठवून देणारा पटवेकरी पुरुष असतो, तिकडे हे काम बायकांचे होते. मांडीवर लाकडी परात, परातीत मणी, आणि हातात पंख्यासारख्या पसरलेल्या कित्येक लांब, बारीक सुया. तो पंखा मण्यांत खुपसायचा, उचलायचा, पुन्हा खुपसायचा. सुया भरल्या की मणी दोऱ्यावर सरकवायचे. घरात उजेड कमी, म्हणून बाया गल्लीत खुर्च्या टाकून बसायच्या आणि पोरे पायाशी खेळायची. कारखान्यातून मणी आणून वाटणारी एक मध्यस्थ बाई असे, ती आपला वाटा कापून मजुरी देई. विदर्भातल्या आमच्या विडीवाल्या बहिणींना हे चित्र नवे वाटणार नाही. पाने-तंबाखू वाटणारा सट्टेदार, मांडीवर सूप, आणि संध्याकाळी वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या! देश बदलला तरी परात तीच. मण्यांचा हा मोठा धंदा १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडला. ओवणाऱ्या बायांचे काम त्याच्या आधीच आटत गेले होते.

आणि हे मणी जात कोठे? बरेचसे आफ्रिकेत. युरोपातले व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कापड, तांबे, बंदुका आणि मणी द्यायचे आणि बदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे घ्यायचे. होय, माणसे. जहाजात कोंबून अमेरिकेला गुलाम म्हणून नेलेली माणसे. व्हेनिसच्या गल्लीत एका गरीब बाईने अर्ध्या उजेडात ओवलेली माळ दुसऱ्या एका बाईच्या किमतीत धरली गेली, आणि या दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नाही. एवढासा मणी, पण हे ऐकल्यावर हातात घेतला की जड लागतो.

परतताना लेक म्हणाली, "आता स्टेशनच्या वाटेवर एक जागा दाखवते. पप्पांनी ज्या पुस्तकाबद्दल सांगितले होते ना, त्याच्या नावातली जागा." आम्हाला पुस्तक आठवेना. एका बुटक्या, अंधाऱ्या वाटेतून आत गेलो तर एक चौक. भोवती उंच, सडपातळ इमारती, मजले मात्र इतके ठेंगणे की खिडक्या एकमेकींवर बसल्यासारख्या. हे व्हेनिसचे घेट्टो. मग आठवले. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात त्यांचा एक अपुरा ग्रंथ आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'अस्पृश्य, अर्थात भारताच्या घेट्टोतील लेकरे'. गावकुसाबाहेरच्या आपल्या महारवाड्याला बाबासाहेबांनी जो शब्द वापरला, तो शब्द या चौकातून जगभर गेला. पूर्वी येथे ओतशाळा होती. तेथल्या बोलीत ओतशाळेला 'गेतो' म्हणत, त्यावरून घेट्टो.

१५१६ मध्ये व्हेनिसच्या सरकारने ज्यू लोकांना या बेटावर कोंडले. रात्री फाटके बंद, बाहेर ख्रिस्ती पहारेकरी, भोवतीच्या कालव्यात गस्तीच्या होड्या, आणि या सगळ्याचा खर्च ज्यूंनीच द्यायचा. जागा वाढवता येईना, माणसे वाढली, म्हणून मजल्यावर मजले. दिवसा बाहेर जाता येई, पण ओळखू यावे म्हणून अंगावर पिवळी खूण, पुढे डोक्यावर पिवळी टोपी. धंदे ठरवून दिलेले. गहाणवट चालवणे आणि जुने कपडे विकणे. नवे कपडे शिवायचे नाहीत, जुनेच विकायचे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा ती फाटके उखडली गेली. पण छळ एवढ्याने संपला नाही. १९४३-४४ मध्ये व्हेनिसमधून दोनशेहून अधिक ज्यूंना पकडून छळछावण्यांत पाठवले, परतले अगदी थोडे. चौकाच्या भिंतीवर त्यांच्या स्मरणार्थ ब्राँझचे फलक आहेत.

आम्ही तेथल्या बाकावर बराच वेळ बसलो. जुने कपडे, आणि ओळखू येण्यासाठी खूण. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्याची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि अंगावर दागिने लोखंडाचे घालावेत असे सांगितले आहे. माणसाला दुरून ओळखता यावे, एवढ्यासाठी त्याचे कपडे-दागिने ठरवणारे लोक सातासमुद्रापलीकडेही होते तर.

आमची आजी महाडच्या पंचक्रोशीतली. १९२७ साली ती दहा-बारा वर्षांची होती. त्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली, आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी बायांशी वेगळे बोलणे केले. तुमच्या लुगडे नेसण्यावरून आणि कोपरापर्यंतच्या कथला-चांदीच्या दागिन्यांवरून तुम्ही कोण ते दुरून कळते, ती खूण टाका, असे त्यांचे सांगणे होते. परिषदेला आलेल्या बायांनी लुगडे नेसण्याची तऱ्हा तेव्हाच बदलली. आजीची आई परिषदेला गेली नव्हती, पण आठवड्याच्या आत गोष्ट गावात आली. तिने हातातली कथलाची कडी काढली ती तेल लावून, दोन बायांनी मनगट धरून. लहानपणापासून घातलेली, निघता निघेनात. आजी सांगायची, कडी निघाल्यावर आईचे मनगट पांढरे फटक दिसले आणि दिवसभर ती हात पदराखाली लपवत होती. उघडे मनगट घेऊन गावातून जायला पहिले चार दिवस भीती वाटे. नंतर भीती गेली. ती कडी मोडीत घालून काय आले, तर एक पाटी आणि पेन्सिल. पाटी आजीच्या भावाला मिळाली, आजीला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बुरानो बेटावर लेस पाहिली. सुईने हवेत विणावी तशी नाजूक. १८७२ मध्ये थंडीने पाणी गोठून मासेमारी बंद पडली, तेव्हा बायांना काम मिळावे म्हणून तेथे लेसची शाळा काढली. त्या वेळी जुने टाके पुरते येणारी एकच म्हातारी उरली होती, तिच्याकडून इतर शिकल्या. शाळा आता नाही, तिच्या जागी संग्रहालय आहे. दुकानांतला बराच माल मात्र यंत्राचा किंवा बाहेरचा, आणि खऱ्याचा भाव आमच्या आवाक्याबाहेरचा. हातरुमालाएवढा तुकडा पाहून आम्ही हात मागे घेतला.

मखमली चपलांनी मात्र करमणूक केली. त्यांना तिकडे 'फुरलाने' म्हणतात. फ्रिउली भागातल्या गरीब बाया घरातल्या चिंध्या आणि जुने कपडे थरावर थर शिवून या करायच्या, तळ सायकलच्या जुन्या टायरचा. आपल्या गोधडीसारखेच की! व्हेनिसला आणून विकायच्या. नावाडी लोकांना आवडल्या, कारण टायर ओल्या लाकडावर घसरत नाही आणि होडीला ओरखडा उठत नाही. आता त्याच मखमलीत, रंगीबेरंगी होऊन, रिआल्तो पुलाजवळच्या दुकानांत मांडलेल्या असतात आणि श्रीमंत बाया घालून मिरवतात. एका जोडाचे पन्नास-साठ युरो. आमच्या लहानपणी टायरच्या चपला घालून शाळेत गेलो तर पोरे हसायची. लेकीने हौसेने एक जोड घेतला. टायर खरा आहे का, हे आम्ही नखाने दाबून पाहिले तेव्हा दुकानदारही हसला.

शेवटी मण्यांवरच आलो. एका जुन्या दुकानात बंद पडलेल्या कारखान्याचा उरलेला माल मिळतो असे मुरानोच्या बाईंनी सांगितले होते. तेथे मोहरीएवढ्या मण्यांच्या जुड्या होत्या, जुन्या सुती दोऱ्यात ओवलेल्या, वर पिवळा पडलेला कागद. निळी, पिवळी, लाल, पांढरी आणि नारिंगी अशा पाच जुड्या घेतल्या, धम्मध्वजाचे पाच रंग. शिवाय आठ युरोचा निळा मणी एकच, लेकीच्या आईला. पाच जुड्यांना मिळून लागले ते एका माणसाच्या बोटीच्या दोन फेऱ्यांइतके.

घरी आल्यावर पौर्णिमेला विहारात महिला मंडळासमोर जुड्या उलगडल्या. मण्यांची गोष्ट सांगितली, गल्लीतल्या बायांची आणि आफ्रिकेचीही. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने हात पुढे केला आणि जुना दोरा सोडायला घेतला. छिद्रे इतकी बारीक की घरातली एकही सुई जाईना. आमच्यातल्या एक ताई मालाडच्या इमिटेशन दागिन्यांचे काम घरी आणून करतात, त्यांनी पिशवीतून तारेची सुई काढली. अठरा पदर ओवायला त्यांना संध्याकाळ पुरली. ओवता ओवता त्यांनी एकच विचारले, "त्या बायकांना ग्रोसमागे काय मिळायचं?" दुकानात आम्ही मण्यांचा भाव दोनदा विचारला होता, हे विचारायचे सुचले नव्हते. पोवळेवाल्या काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आपल्यासाठी लाल मणी जास्त घालायला सांगितले, रंग आवडतो म्हणून.